टेफ्लॉनमधलं भोक

माझ्या आयुष्यातली साडेचार वर्षं एका भोकापायी गेली. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, अजूनही आठवलं की चिडचिड होते. भोक केवढं, तर बारीक सुईचं टोक टेकवावं एवढं. ते टेफ्लॉनच्या पातळ पत्र्याला पाडायचं होतं, आणि ते नीट पडत नव्हतं. दुसरी काहीच अडचण नव्हती.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जालन्याच्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवायचो आणि पीएच.डी.साठी औरंगाबादच्या विद्यापीठात नाव नोंदवलेलं होतं. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचा एक अतिशय पातळ पडदा असतो. त्या पडद्यात दारं असतात, ती उघडली की विजेचा भार असलेले कण आत-बाहेर करतात, आणि तेवढी इवलीशी वीज मोजता येते. हा माझा विषय. जिवंत पेशीवर हे मोजायची साधनं आमच्याकडे नव्हती, म्हणून पडदा आम्ही स्वतः तयार करायचा असं ठरलं. आम्ही म्हणजे मी. माझे मार्गदर्शक सर फक्त ठरवायचे.

पडदा करायची रीत कागदावर अगदी सोपी होती. दोन कप्प्यांची एक डबी घ्यायची, दोन्ही कप्प्यांत मिठाचं पाणी भरायचं. मधली भिंत टेफ्लॉनची, आणि तिला ते भोक. अंड्याच्या बलकातून काढलेला स्निग्ध पदार्थ द्रावकात विरघळवायचा आणि बारीक ब्रशने त्या भोकावर फासायचा. आधी साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग दिसतात. मग थर आपोआप पातळ होत जातो, रंग निघून जातात आणि भोक काळं दिसू लागतं. काळं झालं म्हणजे पडदा झाला. मग पाण्यात एका प्रतिजैविकाचा कणभर अंश सोडायचा. त्याचे रेणू पडद्यात शिरून दारं तयार करतात, आणि दार उघडलं की आलेखयंत्राचा पेन एक पायरी वर चढतो, मिटलं की खाली उतरतो. त्या पायऱ्या मला हव्या होत्या. त्यासाठी पडदा निदान अर्धा तास टिकायला हवा होता. माझा अर्धं मिनिट टिकत नव्हता.

त्यात 'पडदा' या शब्दाने माझा घात केला. स्टाफरूममध्ये पाऊल टाकलं की कुणीतरी विचारायचं, "काय सर, आज पडदा वर गेला का?" इतिहासाचे एक प्राध्यापक होते, ते दर सोमवारी न चुकता "सर, तिकिटं कधी सुरू?" असं विचारत. साडेचार वर्षांतले किती सोमवार होतात याचा हिशेब मी कधी केला नाही, रागच आला असता.

परदेशी मासिकांवर माझा जास्त राग होता. प्रत्येक लेखात साधनांच्या भागात एक वाक्य असायचं: टेफ्लॉनच्या भिंतीला भोक पाडून त्यावर पडदा धरला. बस्स. कुणी पाडलं, कशाने पाडलं, कड कशी केली, काही नाही. पुढे मात्र वीस-वीस पानं समीकरणं. अरे बाबांनो, समीकरणं मी बघून घेईन, ते भोक कसं पाडलंत ते सांगा. पण ते सांगायला कुणाला वेळ नव्हता.

मी काय काय केलं ते सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये ड्रिलने भोक पाडून घेतलं. टेफ्लॉन मऊ आणि निसरडं, ड्रिल घसरायचं आणि भोकाच्या कडेला चिंध्या लोंबायच्या. सुई तापवून टोचली, तर कडेला उंचवटा यायचा. टेफ्लॉनचा पत्रा सोडून दुसरं काही वापरावं म्हणून नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी पट्टी लावून पाहिली. ती पाण्यात सैल पडून पोटासारखी लोंबली. लग्नाच्या पंगतीतला प्लास्टिकचा ग्लास कापून आणला, त्याला भोक पाडताना तडा गेला. एक्स-रेची जुनी फिल्म झाली. बियाण्यांच्या पिशव्या झाल्या. आमच्या जालन्यात त्यांना काही तोटा नाही. बायकोच्या भजनांच्या कॅसेटची फीतही मी वापरून पाहिली. त्यावरून घरात जे झालं ते मी इथे लिहीत नाही.

भोक जरा बरं पडलं की बाहेरून लोखंडी भंगाराचा ट्रक जायचा. पोलादाच्या कारखान्यांकडे जाणारे सगळे ट्रक आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीखालूनच जात. टेबल हलायचं आणि पडदा फाटायचा. शेवटी मी स्कूटरच्या चार ट्यूबांत हवा भरून त्यावर फरशी ठेवली आणि फरशीवर डबी. ट्रकचा त्रास बराच कमी झाला. ट्यूबा बघून इतिहासवाल्यांनी विचारलं, "सर, आता गाडीवर खेळ लावणार का?"

मग आमचे मामा. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे परिचर, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, अत्यंत प्रेमळ आणि अत्यंत स्वच्छ. एका सकाळी ते मोठ्या अभिमानाने म्हणाले, "सर, तुमची ती डबी लई चिकट झाल्ती. म्या पावडर लावून बराबर घासून ठेवली." त्यांनी ती भांड्यांच्या पावडरीने घासली होती. या पडद्याला साबणाइतका मोठा शत्रू नाही, एक कण राहिला तरी पडदा धरत नाही. ती डबी मी आठवडाभर धूत होतो. मामांना काय बोलणार? त्यांनी चांगल्या मनाने केलं होतं. पण त्या दिवसापासून मला धुण्याचं वेड लागलं. जे हाताला लागेल ते मी आधी क्लोरोफॉर्मने, मग स्पिरिटने, मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुवायचो. हे वेड पुढे मला चांगलंच महागात पडणार होतं.

नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती. दुसऱ्यांदा वाढवताना सर म्हणाले, "ही शेवटची. मार्चपर्यंत पायऱ्या दाखवा, नाहीतर विषय बदला." विषय बदलायचा म्हणजे चार वर्षं पाण्यात घालून पुन्हा पहिल्या इयत्तेत बसायचं. आमच्या नव्या जिल्ह्यात तेव्हा बलकातून पडदा करणारा माझ्याशिवाय कुणी नसावा, म्हणजे माझी कीव करणाराही कुणी नव्हता.

त्याच हिवाळ्यात मुलीचे कान टोचायचे होते. बायकोचं माहेर हसनाबादचं. त्यांच्याकडची रीत अशी की राजूरला गणपतीचं दर्शन घ्यायचं आणि तिथल्याच सोनाराकडून कान टोचून घ्यायचे. मी नाखुशीनेच गेलो, कारण एक अख्खा रविवार जाणार होता. पुढची कोटी कुणालाही सुचेल, आणि स्टाफरूममधल्या प्रत्येकाला ती सुचली, म्हणून मी ती इथे करत नाही.

ते सोनार म्हणजे सत्तरीच्या आसपासचे एक शांत गृहस्थ. सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही काका म्हणू लागलो. दुकान म्हणजे एक ओटा, एक शेगडी आणि एक काचेची पेटी. त्यांनी सोन्याची बारीक तार तिळाच्या तेलाच्या वाटीत बुडवली, मुलीच्या कानाची पाळी दोन बोटांत धरली, आणि ती रडायला लागेपर्यंत काम झालंही होतं. मी वाकून भोक बघत होतो. गोल, स्वच्छ, कुठे चिंधी नाही, उंचवटा नाही. मी काकांचं भिंग मागून घेतलं आणि पुन्हा बघितलं.

"अहो, पोरगी रडतीय," बायको म्हणाली, "तिला घ्या आधी. भोकं काय बघत बसलात?"

मी तिला घेतलं. पण शर्टाच्या खिशात मी टेफ्लॉनचे तुकडे बाळगत असे, तो एक तुकडा काढून काकांच्या हातात दिला आणि असंच भोक याला पाडता येईल का असं विचारलं. त्यांनी तो बोटांत चोळून पाहिला. "मेणावानी लागतंय," म्हणाले. "केवढं पाडू?" मी सुई दाखवली. त्यांनी शिशाच्या तुकड्यावर तो ठेवला, सुईला तेल लावलं, दाबत दाबत फिरवली, मग तुकडा उलटा करून गुळगुळीत दगडाने कड घासली आणि शेवटी तेलाचं बोट कडेवरून फिरवलं. एवढ्याशा वेळात. मला आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगायचं तर मला रडूच येत होतं. चार वर्षं!

"धुऊ नका बरं का, सर," काका म्हणाले. "कोरडी कड काही धरत न्हाई. पोरीच्या कानाला बी रोज तेल लावा."

मी मान हलवली, जालन्याला आलो आणि पहिलं काम म्हणजे ते भोक क्लोरोफॉर्मने तीन वेळा धुतलं.

पडदा चार मिनिटं टिकला. मी हरखलो. मग फाटला. पुढचा तीन मिनिटांत. मग दोन. भोकात काही दोष नव्हता, सूक्ष्मदर्शकाखाली ते इतकं देखणं होतं की मामांना बोलावून दाखवलं. तरीही पडदा कडेपाशीच सुटायचा. मला वाटलं भोकाचा आकार थोडा चुकत असेल. मी दुसऱ्या रविवारी राजूरला गेलो, मग तिसऱ्या, मग चौथ्या. प्रत्येक वेळी भोकरदनच्या एसटीत उभं राहून एक तास जायचं आणि एक तास यायचं. काका नवा तुकडा हातात घ्यायचे आणि आधी विचारायचे:

"मागचं धुतलं का?"

"हो काका, अगदी स्वच्छ धुतलं."

"मंग," काका म्हणायचे, आणि कामाला लागायचे.

त्या 'मंग'चा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मला वाटायचं ते पुढचं काही विचारणार आहेत. ते विचारत नसत. त्यांचं सांगून झालेलं होतं.

चौथ्या खेपेला त्यांनी विचारलं, "पर सर, तुम्ही याचं करून काय राह्यले?" मी सांगितलं. पडदा, दारं, पायऱ्या, सगळं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. इतक्या लक्षपूर्वक माझ्या सरांनीही कधी ऐकलं नव्हतं. मग म्हणाले, "म्हंजे भोक आमचं आन् पडदा तुमचा."

"बरोबर, काका."

"याचं पुस्तक होईल का?"

"होईल की. जमलं तर."

"मंग त्यात आमचं नाव टाका. आमचं काम कुठंच लिहून राहत न्हाई, सर. पोरींचे कान आम्ही टोचतो, पोरी मोठ्या होतेत, सासरी जातेत. कुणी टोचले ते कोण सांगतंय."

"टाकतो ना, काका. नक्की टाकतो," मी म्हणालो. मनापासून म्हणालो होतो.

फेब्रुवारीत जालन्यात नळाला पाणी येईना. त्यात नवल काही नव्हतं, पण पाणी नाही म्हणजे ऊर्ध्वपातनाचं यंत्र बंद. दोन बाटल्या शिल्लक होत्या, त्या मिठाच्या पाण्यासाठी राखून ठेवाव्या लागल्या. क्लोरोफॉर्म संपला होता आणि नवीन मागवण्याचा कागद ऑफिसात कुठल्यातरी फाईलखाली बसला होता. दोनदा विचारलं तर क्लार्क म्हणाला, "सर, येऊन राह्यलाय." सकाळची वेळ होती. मी इतका वैतागलो होतो की राजूरहून आणलेला चौथा तुकडा तसाच, कागदातून काढून, न धुता डबीत बसवला. पडदा फाटायचाच आहे तर फाटू दे, असं म्हणत ब्रश फिरवला.

रंग आले, रंग गेले, भोक काळं झालं. मी वाट पाहिली. खालून भंगाराचा ट्रक गेला. पडदा तसाच. मामा झाडू घेऊन दारात आले, त्यांना मी हातानेच थांबवलं. दहा मिनिटं, वीस, चाळीस. मी पाण्यात ते प्रतिजैविकाचं औषध सोडायचंही विसरलो, नुसता बघत बसलो. मामा हळूच म्हणाले, "सर, टिकला की."

दुसऱ्या पडद्याला औषध सोडलं. आलेखयंत्राचा पेन थरथरला, एक पायरी चढला, थांबला, उतरला. पुन्हा चढला. मामांनी स्टाफरूममध्ये जाऊन सांगितलं, सगळे दारात जमले, आणि मी त्यांच्यावर ओरडलो की कुणीही पाय आपटायचा नाही. इतिहासवाले चवड्यांवर उभे होते. ते पहिल्यांदाच काही बोलले नाहीत.

मग नीट तपासून पाहिलं. धुतलेली कड पडदा सोडते, तेलाची कड धरते. पुढे तिळाच्या तेलाऐवजी बलकातला तोच पदार्थ कडेला आधी लावून वाळवला, तर तोही चालला. म्हणजे कड उघडी ठेवायची नाही, तिला आधीच तेलकट करून घ्यायची, एवढंच. परदेशातल्या लोकांना हे ठाऊक असणारच. आणि मला तर ते राजूरच्या ओट्यावर पहिल्याच दिवशी, शुद्ध मराठीत, न विचारता सांगितलेलं होतं. मी मान हलवून घरी आलो होतो.

प्रबंध लिहिताना साधनांच्या भागात मी काकांचं सगळं लिहिलं: शिशाचा तुकडा, सुई, दगड, तेलाचं बोट. सरांनी त्यावर तांबडी रेघ मारली. "सोनाराने टोचलं, असं लिहिणार? बाहेरचे परीक्षक हसतील. 'टेफ्लॉनच्या भिंतीला भोक पाडून कडेवर पूर्वसंस्कार केला' असं लिहा." मी तसं लिहिलं. एका वाक्यात. ज्या वाक्याला मी साडेचार वर्षं शिव्या घातल्या, तेच वाक्य मी माझ्या हाताने लिहिलं आणि पुढे वीस पानं समीकरणं टाकली.

ऋणनिर्देशाचं पान मात्र माझं होतं, त्यावर सरांची रेघ चालणार नव्हती. प्रबंध दुसऱ्या दिवशी बांधायला द्यायचा होता. टायपिस्टने मशीनवर बोटं ठेवून विचारलं, "सोनाराचं नाव सांगा, सर." मला नाव ठाऊक नव्हतं. त्यांना बिनसाखरेचा चहा लागतो हे ठाऊक होतं, डाव्या डोळ्याने कमी दिसतं हे ठाऊक होतं, नाव नव्हतं. दुकानाच्या पाटीवर फक्त गणपतीचं नाव. घरी येऊन बायकोला विचारलं. ती म्हणाली, "काकाच म्हणतात सगळे. माझेही कान त्यांनीच टोचलेत." मोठ्या माणसाला काका म्हटलं की पुढचं विचारायचं राहूनच जातं.

दुपारची गाडी होती. गेलो असतो तर संध्याकाळपर्यंत नाव घेऊन परत आलो असतो. मी गेलो नाही. दमलो होतो, पानं तपासायची होती, आणि एका नावासाठी कोण पुन्हा एसटीत उभं राहणार, असा विचार मी केला. टायपिस्टला सांगितलं: राजूर येथील सोनारकाकांचे आभार. त्याने इंग्रजीत ते अर्ध्या ओळीत बसवलं.

तोंडी परीक्षा झाली, पदवी मिळाली. बाहेरच्या परीक्षकांनी त्या भोकाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मी पेढ्यांचा पुडा आणि बांधलेला प्रबंध घेऊन राजूरला गेलो. काकांनी हात धुतले, पुसले, आणि पुस्तक मांडीवर घेतलं.

"कुठं हाये?" त्यांनी विचारलं.

मी पान उघडून बोट ठेवलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण बारीक गोष्टी बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. "एवढंच?" ते म्हणाले. "आमचं नाव तर लई लांब हाये, सर. वडलांचं, आडनाव, समदं धरून."

"इंग्रजीत ते छोटं होतं, काका," मी म्हणालो.

त्यांनी पेटीतून एक छोटा पोलादी ठसा काढला. आपण घडवलेल्या दागिन्यावर सोनार आपल्या नावाची खूण मारतात, तो. शिशाच्या त्याच तुकड्यावर त्यांनी तो हातोडीने ठोकला. दोन इंग्रजी अक्षरं उठली. मग भिंग डोळ्याला लावून ते माझ्या ओळीवरून शिशाकडे आणि शिशावरून ओळीकडे बघत राहिले, एकेक अक्षर, शेवटपर्यंत. मी समोर बसून होतो.

"ही दोन अक्षरं शेजारी-शेजारी कुठं दिसून न्हाई राह्यली," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मग पुस्तक मिटून त्यांनी माझ्या हातात दिलं आणि आत चहा सांगितला. चहा आला. मी तो अर्धा प्यायलो, आणि जे पहिल्याच रविवारी विचारायला हवं होतं ते तेव्हा विचारलं. "काका, तुमचं नाव काय?"

काका हसले. "आता कशाला, सर? पुस्तक तर बांधून झालं."

मी चहा संपवला, पेढे ओट्यावर ठेवले आणि आलेल्या एसटीने जालन्याला परतलो. नंतर ते नाव मला सासूबाईंना विचारता आलं असतं, राजूरमध्ये कुणालाही विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. ज्यांना विचारायचं त्यांना विचारून झालं होतं, आणि त्यांनी ते सांगितलं नव्हतं.